पुरातून वाचलेल्या वस्तू चित्रात लावाव्यात का? (मिक्स मीडिया)

वाशिष्ठीकाठ
नमस्कार. चित्रकला करणाऱ्यांना आणि न करणाऱ्यांनाही विचारायचंय म्हणून धागा इथे काढतेय, कलादालनात टाकला असता तर फक्त चित्रकारांनीच वाचला असता.

माझं माहेर चिपळूणचं. बाजारपेठेत खाली बाबांचं कापडाचं दुकान आणि वर घर. २२ जुलै २०२१ ला दुकान छतापर्यंत बुडालं आणि वरच्या मजल्यावरही गुडघाभर पाणी आलं. माणसं सगळी सुखरूप, हे आधी सांगते, कारण त्याच दिवशी महाडजवळ तळियेत डोंगर खाली आला आणि ८० च्या वर माणसं गेली. आमचं गेलं ते सामान. पण बाबा त्यानंतर गल्ल्यावर पहिल्यासारखे बसलेच नाहीत.

त्या सामानातली खोकी आता माझ्याकडे आहेत. उधारीच्या वह्या (बॉलपेनचं लिहिलेलं वाचता येतं, शाईपेनचं धुऊन नुसते निळे डाग राहिलेत), अल्बममधले एकमेकांना चिकटलेले फोटो, आजीची लुगडी, कापड मोजायचा लोखंडी मीटर आणि दुकानातलाच वाळलेला गाळ, डब्यात भरून ठेवलेला. शिवाय आमची नसलेली कागदपत्रं, जी पाण्याबरोबर वाहत येऊन आमच्या शटरच्या आत अडकली, कुणाचं दहावीचं मार्कलिस्ट, कुणाच्या बारशाचे फोटो.

मी शाळेत चित्रकला शिकवते. या सगळ्यातून मोठी पॅनेल्स करायचीत, कापड, गाळ, कागद, शिवण, रंग सगळं एकत्र, आणि पुढच्या वर्षी मैत्रिणींबरोबर पुण्यात ग्रूप शो आहे त्यात लावायचीत. आईला सांगितलं तर म्हणाली, "चिखल एकदा हाताने उपसून बाहेर काढलाय मी, तू परत घरात आणू नकोस."

तर करावं का? आणि करायचं तर गाळ बोर्डवर टिकवायचा कसा, लावलेला तुकडा वाळला की भेगा पडून सुटतोय.

मनमोकळी
वाचतेय. आईंचं वाक्य वाचून पोटात तुटलं.

सुई_दोरा
आईंचं ऐकच असं म्हणणार नाही, पण त्यांना विचारल्याशिवाय लुगड्याला कात्री लावू नकोस गं.

आम्ही सांगलीचे. गेलेल्या माणसाच्या कपड्यांवरून आमच्या घरात दोन तट आहेत, सासूबाई म्हणतात देऊन टाकायचे, माझी आई म्हणते वाकळ शिवायची. ऑगस्ट २०१९ ला आमच्या गल्लीत पाणी आलं, नंतर ज्या साड्या कितीही धुतल्या तरी डाग जाईनात त्या घेऊन आई आणि शेजारच्या बायका दुपारच्या बसायला लागल्या आणि वाकळी झाल्या. त्यांना कुणी कला म्हटलं नाही. पण धावदोरा घालता घालता त्या पुराबद्दल जे बोलल्या ते तोवर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, एक काकू तर पहिल्यांदा बोलल्या की म्हैस सोडायला वेळ मिळाला नाही आणि दावं तसंच राहिलं. हातात सुई असली की समोरचीकडे बघून बोलावं लागत नाही.

म्हणून म्हणते, एकटी करू नकोस. आईंना बोर्ड नको असेल, सुई कदाचित चालेल.

डिंक_खळ
मी बाइंडर, जुन्या पोथ्या-दप्तरांची दुरुस्तीही करतो. गाळाचं सांगतो, बाकीचं ताईंनी ठरवावं.

भेगा पडतात कारण त्यात चिकणमाती जास्त आहे, पाणी उडालं की ती आक्रसते. गाळ कुटून बारीक चाळणीने चाळा, त्यात साधारण तेवढीच धुतलेली बारीक वाळू घाला आणि पाण्याऐवजी अ‍ॅक्रिलिक मिडियममध्ये कालवा. जाड थर एकदम नाही, पातळ पातळ, आधीचा खडखडीत वाळल्यावर पुढचा. भेगा हव्याच असतील तर खाली मांजरपाट चिकटवून त्यावर लावा, तडकेल पण सुटणार नाही. एमडीएफ घेऊ नका, कोकणातल्या हवेत फुगतो. मरीन प्लाय, दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही सीलर. पुराच्या गाळात गटारातलं सगळं आलेलं असतं, वाळल्यावरही बुरशी त्यात झोपलेली असते, तेव्हा चाळणं घराबाहेर, मास्क आणि हातमोजे घालून.

कागदाला सुतारकामाचा पांढरा गम लावू नका, नंतर सोडवायची वेळ आली तर कागद फाटेल पण गम सुटणार नाही. पिठाची खळ करा. जुने लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे, ते नको, तांब्याने कागद कालांतराने तपकिरी होऊन तुटतो.

चिकटलेले फोटो ओढून काढायचे नाहीत. आधी आहेत तसे स्कॅन करा. मग त्यातल्या त्यात कमी महत्त्वाचा एक स्वच्छ थंड पाण्यात ठेवून बघा, रंग सुटायला लागला तर तिथेच थांबा. आणि माझं ऐकाल तर चित्रात मूळ फोटो लावूच नका, प्रिंट काढून लावा. मूळ वस्तू एकदा चित्रात गेली की ती घराची राहत नाही.

जुना_जेजेवाला
@डिंक_खळ, तांत्रिक भाग उत्तम, पण "प्रिंट लावा" हा सरसकट नियम मला मान्य नाही. मूळ वस्तू हवी की नको हे काम ठरवतं.

कोलंबियाची डोरिस साल्सेदो घ्या. यादवीत बेपत्ता झालेल्या बायकांच्या घरच्यांनी दिलेले खरे बूट तिने भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवले आणि त्यावर जनावराच्या मूत्राशयाचा पातळ पडदा ताणून शस्त्रक्रियेच्या दोऱ्याने शिवला. बूट दिसतो पण अंधूक. तिथे दुकानातून आणलेला बूट ठेवला तर सगळं काम खोटं पडेल. उलट विवान सुंदरम यांनी १९९३ च्या मुंबई दंगलीनंतर केलेलं काम बघा. वर्तमानपत्रात छापलेला, रस्त्यावर पडलेल्या एका माणसाचा फोटो, त्याच्याच प्रती पुन्हा पुन्हा वापरल्या आणि कागदावर खिळे ठोकले. प्रत आहे म्हणून काही कमी पडत नाही. आणि सोमनाथ होर यांनी तर काहीच 'खरं' चिकटवलं नाही. मातीच्या पाटीवर सुरीने आणि तापलेल्या सळईने जखमा केल्या, साचा घेतला, त्यात पांढऱ्या कागदाचा लगदा दाबला. पांढऱ्यावर पांढरं. ऐन तरुण वयात १९४३ चा बंगालचा दुष्काळ पाहिलेला माणूस तो, सत्तरच्या दशकात या जखमांपर्यंत आला.

ताईंना एवढंच सांगेन की गाळ खरा आहे म्हणून चित्र खरं होत नाही. नुसता चिखल थापला तर बघणारा दोन सेकंद हळहळेल आणि पुढच्या चित्राकडे जाईल. त्या गाळाला तुम्ही काय करता, खरवडता, शिवता, पुसता, मीटरने मोजता, तिथे काम सुरू होतं. मला तर तो लोखंडी मीटर खुणावतोय. पाण्याची उंची त्याच मीटरने मोजा ना!

हापूसप्रेमी
मीटरची कल्पना जबरदस्त. +१००

पांढरीमाती
मी किल्लारीच्या बाजूचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप. आदल्या दिवशी गणपती शिरवून माणसं दमून झोपलेली. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाची जड माती, तीच अंगावर आली. पुढं ५२ गावं दुसरीकडं बसवली. नव्या गावात रस्ते सरळ, घरं ओळीनं सारखी, म्हातारी माणसं स्वतःचं दार चुकायची.

तवा आमच्याकडं लई लोक आले, मदत केली, ती विसरणार नाही. त्यात काहीजण पोरांकडून चित्रं काढून घ्यायचे. आम्ही सगळे उतरत्या छपराची घरं काढायचो, मागं डोंगर, मधून सूर्य. आमच्याकडं ना डोंगर ना उतरतं छप्पर. पडलेलं घर कुणीच काढलं नाही. एक बाई म्हणायच्या, "खरं जे बघितलं ते काढा, मन मोकळं होतं." मला त्यांचा आजबी राग येतो. भल्या होत्या, पण मन कवा मोकळं करायचं ते त्या सांगत होत्या. पडलेलं घर मी कागदावर पहिल्यांदा काढलं ते नोकरीला लागल्यावर, कुणी सांगितलं नव्हतं तवा.

आता मी जुन्या गावठाणातली पांढरी माती आणतो, गावच्या नकाशाच्या झेरॉक्स मोठ्या करून त्यावर चोपडतो, जिथं घर होतं तिथं दाराची जुनी कडी नाहीतर कोयंडा बसवतो. शहरात कुठं लावली नाहीत. गावातल्या सप्ताहाला मंदिराच्या मंडपात लावली. म्हातारी माणसं नकाशावर बोट ठेवून सांगायला लागली, हे अमक्याचं, इथं बोळ, इथं आड. दोघांची तर आड नेमका कुणाच्या दारापुढं होता यावरून जुंपली. गेलेल्या माणसांची नावं मंडपात सगळ्यांसमोर मोठ्यानं घेतली गेली. इतक्या वर्षांत ती नावं फक्त तिथीला घरात घेतली जायची.

ताई, तुम्ही करा. पण पुण्याच्या आधी चिपळूणला लावा.

भटकी_मांजर
सुंदर प्रतिसाद. आणि आड शेवटी कुणाचा निघाला? :)

पांढरीमाती
तिसऱ्याचाच निघाला :) तो लातूरला राहतो, फोन लावून विचारलं.

जुना_जेजेवाला
@पांढरीमाती, तुमचं वाचून सिसिलीतलं जिबेलिना आठवलं. जानेवारी १९६८ च्या भूकंपात ते गाव जमीनदोस्त झालं आणि नवं गाव कित्येक किलोमीटर लांब वसवलं. तिथे आल्बेर्तो बुर्री या चित्रकाराला बोलावलं. हा मूळचा डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत टेक्ससच्या छावणीत युद्धकैदी होता आणि तिथेच चित्रं काढायला लागला, पुढे गोणपाट, जळकं लाकूड, वितळलेलं प्लास्टिक अशा गोष्टींतून काम करायचा. त्याने नव्या गावात काही करायला नकार दिला आणि जुन्या गावाचा ढिगाराच पांढऱ्या काँक्रीटखाली घेतला. पुरुषभर उंचीचे ठोकळे आणि मधे चालत जाता येईल अशा भेगा, त्या भेगा साधारण जुन्या गल्ल्यांच्या जागी. काम १९८४ ला सुरू झालं आणि पूर्ण झालं २०१५ ला, तो जाऊन २० वर्षं झाल्यावर.

पांढरीमाती
फोटो शोधून बघितले. भव्य आहे. पण त्या गावच्या म्हातारीला तिची जोती बघायची असली तर? काँक्रीट ओतलं की सगळी घरं एकच झाली. आमच्या गावठाणात बाभळी माजल्यात तरी जोत्यावर जाऊन बसता येतं. मला माती बरी.

जुना_जेजेवाला
हा आक्षेप बिनतोड आहे. तरीही त्या भेगांतून चालताना गाव हरवलं हे अंगावर येत असणार असं मला वाटतं, आणि परक्या माणसाला ते जोती बघून वाटणार नाही. गावकऱ्यासाठी एक आणि परक्यासाठी एक, दोन्ही एकाच कामात बसवणं फार अवघड.

कामथेकर
इतका वेळ सगळे माती आणि दोऱ्यावर बोलतायत. राग कुठे आहे?

मी चिपळूणजवळचाच. २००५ ला पाणी, २०२१ ला पाणी. कोयनेचं वीज करून झालेलं पाणी आमच्या वाशिष्ठीत येतं, नदीत वर्षानुवर्षांचा गाळ, त्यात भरती आणि कोसळता पाऊस. गाळ काढा म्हणून २०२१ च्या डिसेंबरात लोक साखळी उपोषणाला बसले. आणि नंतर घरांवर निळी रेषा, लाल रेषा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची, आणि रेषेच्या आत आलात की बांधकामाच्या परवानगीचे वांधे. तुमच्या चित्रात हे नसेल तर बघणाऱ्याला वाटेल आभाळातून काहीतरी पडलं आणि आम्ही रडलो.

मंच_संपादक
धरण, विसर्ग आणि पूररेषा यावर स्वतंत्र धागा आहे, कृपया ती चर्चा तिकडे.

कामथेकर
संपादक, ही चर्चा इथलीच आहे. चिलीत १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसं उचलून नेली आणि परत आलीच नाहीत त्या बायकांनी गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवली, चर्चच्या आसऱ्याने बसून, कधी त्या बेपत्ता माणसाच्याच कपड्यांचे तुकडे लावून. त्यात नुसतं दुःख नव्हतं. "आमची माणसं कुठे आहेत" हे सरळ अक्षरांत शिवलेलं असायचं. देशाबाहेर लपवून न्यावी लागायची ती. सावरणं म्हणजे गप्प होणं असं असेल तर ते मला नको.

सुई_दोरा
@कामथेकर, पटलं. आणि त्याही एकत्र बसूनच शिवत होत्या हे विसरू नका.

गोदाकाठची
एक वेगळं मांडते. धागाकर्तीकडे वह्या आहेत, फोटो आहेत, लुगडी आहेत. नदीलगतच्या खोल्यांमध्ये भाड्याने राहणारे, बांधकामावरचे मजूर, त्यांच्याकडे आधीच अल्बम नव्हता, पूर आला तेव्हा होतं ते भांड्यांसकट गेलं. वस्तूंमधून दुःख सांगायचं म्हटलं की ज्यांच्याकडे वस्तू होत्या त्यांचंच सांगितलं जातं. नाशिकला पुरानंतर आमच्या गटाबरोबर पंचनाम्याच्या कामाला मदत करताना एक बाई म्हणाली होती, "काय गेलं ते लिहायचं तर आधी काय होतं ते कुणी लिहिलं होतं का?"

यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. पण पॅनेल करताना हे डोक्यात असावं.

जुना_जेजेवाला
फार महत्त्वाचा मुद्दा. नुसती रिकामी चौकट टांगणं हे सोपं उत्तर होईल, ते टाळावं. त्यांच्याशी बोलून, त्यांनी तोंडी सांगितलेली यादी त्यांच्याच शब्दांत कापडावर शिवता येईल. नाव टाकायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं.

निशिगंधा_ओसाका
उशिरा आले. वाहून आलेल्या दुसऱ्यांच्या फोटोंबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये ढिगाऱ्यांतून लाखो फोटो निघाले. मियागी प्रांतातल्या यामामोतो गावात स्वयंसेवकांनी ते पाण्याने धुतले, वाळवले, स्कॅन केले आणि लोकांनी येऊन आपापले शोधावेत म्हणून मांडून ठेवले. घर, माणूस सगळं गेलेली माणसं एका फोटोसाठी खोकी उचकत बसायची. ज्यांच्यावरचे चेहरे पूर्ण विरघळून गेले, ओळख पटवणं शक्यच राहिलं नाही, ते फोटो मग प्रदर्शनात लावले. भिंतभर फोटो, रंग वाहून गेलेले, मधेच एखादा हात किंवा शाळेच्या गणवेशाची कड. मी बघितलंय, पाय निघत नाही तिथून.

क्रम बघा. आधी परत करायचं, मग जे परत करताच येत नाही ते मांडायचं. मार्कलिस्टवर तर नाव असणारच.

मनमोकळी
हो ना! आधी मार्कलिस्टवाल्याला शोधा.

दूरदेशी_परिचारिका
मी इंग्लंडमध्ये रुग्णालयात काम करते, आमच्याकडे आर्ट थेरपिस्ट असतात त्यामुळे थोडं जवळून बघितलंय. ही पद्धत तशी जुनी, एड्रियन हिल नावाचा चित्रकार क्षयरोगाने सॅनेटोरियममध्ये पडून होता, तिथे चित्रं काढून त्याला बरं वाटलं, मग तो इतर रुग्णांकडूनही काढून घ्यायला लागला, १९४२ मध्ये 'आर्ट थेरपी' हे नाव त्यानेच दिलं. पण तिथे काढलेलं चित्र सहसा प्रदर्शनासाठी नसतं. ते रुग्णाचं असतं, कपाटात राहतं, फाडलं तरी चालतं. पांढरीमाती यांच्या गावात आलेल्या बाईंचं चुकलं ते इथेच असं मला वाटतं, मुलांना नको असतानाही काढायला लावलं आणि वर ते सगळ्यांसमोर.

म्हणून ताई, शोची तारीख डोक्यात ठेवून काही पॅनेल्स करायची ती करा, पण काही अशी करा की जी कुणालाच दाखवायची नाहीत. काम करताना झोप उडायला लागली, पाण्याची स्वप्नं पडायला लागली, तर सामान बांधून ठेवा आणि कुणाशी तरी बोला, गरज पडली तर डॉक्टरांशीही. आणि बाबांचं काय? धाग्यात आईंबद्दल सगळे बोलतायत. वह्या तर बाबांच्या आहेत.

हापूसप्रेमी
अरे हो, बाबांना विचारलं का?

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे प्रतिसाद शांतपणे वाचले, काही आईला वाचून दाखवले.

मार्कलिस्टवरची मुलगी सापडली, आता ठाण्याला असते. तिने डुप्लिकेट केव्हाच काढून घेतलंय, तरी हे तिला हवंय, कुरियर केलं. बारशाच्या फोटोंतलं कुणी ओळखू येत नाही, पण स्कॅन करून गावातल्या ग्रूपवर टाकलेत. वर्षभर वाट बघणार, तोवर त्यांना हात लावणार नाही.

@दूरदेशी, बाबांना वह्या दाखवल्या. चित्राबद्दल काही बोलले नाहीत, चष्मा लावून पानं उलटत बसले आणि कुणाची किती उधारी फिटली, कुणाची राहिली ते सांगायला लागले. पुरानंतर पहिल्याच महिन्यात जे जे स्वतःहून पैसे द्यायला आले होते त्यांची नावं त्यांना पाठ आहेत, वही वाचता येत नसताना. मी ती नावं लिहून घेतेय. निळ्या डागांच्या पानांवर आता मूळ आकडे शोधत बसणार नाही, बाबांनी सांगितलेलं पानाच्या प्रिंटवर दोऱ्याने शिवणार आहे, मूळ वह्या घरीच. शिवायला आई बसेल म्हणाली. लुगड्याला आणि गाळाला अजून नाहीच म्हणतेय, तर गाळाचं काम माझ्या शाळेच्या मागच्या शेडमध्ये.

@कामथेकर, निळी आणि लाल रेषा सगळ्या पॅनेल्समधून सलग जाणार, लोखंडी मीटरने मोजून, जमिनीपासून जिथे आहेत त्याच उंचीवर. त्यामुळे काही पॅनेल्स माणसाच्या डोक्याच्या वर टांगावी लागतील.

@गोदाकाठची, तुमच्या मुद्द्यासाठी आधी आमच्या मागच्या गल्लीत जाऊन बसणार आहे, पॅनेल होईल की नाही ते नंतर. आणि पांढरीमाती दादा, आधी चिपळूणलाच लावतेय, गणपतीत, एका ओळखीच्यांच्या हॉलमध्ये.

आता एक अडचण. गणपतीत म्हणजे भर पावसाळा, दमट हवा, शिवलेला कागद आणि कापड लाटेसारखं फुगतंय. काच लावू का?

डिंक_खळ
काच लावा पण कागदाला टेकवू नका. चारी बाजूंनी आतून लाकडी पट्टी देऊन बोटभर अंतर ठेवा, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटेल आणि परत सोडवत बसावं लागेल. मागच्या बाजूला पातळ प्लाय, कडेला टेप, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर आठवड्याला बदलता येतील अशा जागी. शिवताना कागदाखाली मांजरपाट घ्या आणि सुईची भोकं आधी पाडून ठेवा, दोरा ओढताना कागद फाटणार नाही. दोरा सुती, मेण न लावलेला. हॉलची भिंत पावसाच्या बाजूची असेल तर तिच्यावर टांगू नका, आतल्या भिंतीवर घ्या, आणि भिंत आणि पॅनेलमध्ये बूच लावून हवा खेळू द्या.

चौकटी डोक्याच्या वर टांगणार असाल तर वजन सांगा, किती इंची खिळा लागेल ते कळवतो.